पहिल्या पत्रातच भांडण

आमच्या जुनी इंदूरच्या गल्लीच्या तोंडाशी आधी एक पंक्चरवाला बसायचा. आता तिथे काचेचं दार लागलंय, आत एसी, आणि बाहेर बोर्डावर जगातले सगळे झेंडे. परदेशात पीएचडी करायची असेल तर हे लोक मदत करतात म्हणे. भाच्याने मला सोबत नेलं. आतल्या टायवाल्या पोराने समजावलं, "आंटी, प्रोफेसरला पहिलं ईमेल आम्हीच लिहून देतो. एकदम पोलाइट. त्याच्या कामाची तारीफ, आपली रिक्वेस्ट, बस." मला असं हसू फुटलं की विचारू नका. पोरगा बावचळला, भाचा चिडला. पण मी काय करू? जाधव मॅडम त्या वेळी तिथे असत्या तर त्या टायची काही खैर नव्हती.

शकुंतला जाधव. आमच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्याच डिपार्टमेंटात डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे पगारी विद्यार्थिनीच म्हणा. उंची बेताची, आवाज मात्र परेडच्या मैदानावरचा. वडील महूच्या छावणीत सुभेदार, आजोबाही फौजेतच. त्यामुळे माहेरी सगळ्यांना हाक आडनावाने. ती सवय त्यांनी कॉलेजात आणली. मला "ए मुळे!", प्यूनला "ओ यादव!", आणि घरी नवऱ्यालासुद्धा "ओ जाधव!" जाधव काका कापडाच्या मिलमध्ये रंगखात्यात होते. ते उलट बायकोला "मॅडम" म्हणायचे. बायकोला मॅडम म्हणणारा दुसरा माणूस त्या काळच्या इंदुरात दाखवा, चहा माझ्याकडून.

मॅडमना नाद एकच. पोरांना परदेशी शिकायला पाठवायचं, आणि तेही फुकट. "पैसे भरून जायचंय तर सहलीला जा, शिकायला कशाला?" असं म्हणायच्या. हिशेब त्यांचा सरळ होता. तिकडच्या प्रोफेसरला संशोधनासाठी सरकारकडून नाहीतर कंपनीकडून पैसा मिळतो. त्याला काम करणारी माणसं हवी असतात. तुम्ही कामाचे आहात हे त्याला पटलं की तो फी माफ करून घेतो आणि वर दर महिन्याला खर्चालाही देतो. सगळी मेख ह्या पटवण्यात. कारण आमच्याकडे पत्र लिहायची पद्धत एकच, शाळेत शिकवलेली, सुट्टीच्या अर्जाची. तीच कलेक्टरला, तीच वीज मंडळाला, आणि तीच इंग्रजीत करून अमेरिकेला.

वर्मा नावाच्या एका पोराचं असंच पत्र मॅडमनी भर लॅबमध्ये वाचून दाखवलं होतं. त्यात त्याने प्रोफेसरला लिहिलं होतं की, आपल्या चरणांशी बसून ज्ञान घेण्याची संधी द्यावी.

"भिया," मॅडम अस्सल इंदुरी थाटात म्हणाल्या, "तो माणूस खुर्चीवर बसतो. त्याचे पाय टेबलाखाली असतात. तू काय टेबलाखाली बसणार?"

वर्मा लाल झाला. "मग काय लिहू मॅडम? त्यांच्या कामाची तारीफ?"

"तारीफ तर त्याचा कुत्रा पण रोज करतो. तू त्याचा पेपर वाच आणि चूक काढ. चूक नाही सापडली तर शंका काढ. भांडण्यासारखं काहीच नाही मिळालं, तर त्याच्याकडे चार-पाच वर्षं बसून काय सेव-परमल खाणार? पहिल्या पत्रातच भांड!"

मी एकदा धीर करून विचारलं, की मॅडम, हे थोडं उद्धट नाही का वाटणार? त्या बुरेट धूत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "नम्रपणा आमच्या घरात फार झाला गं मुळे. माझे पणजोबा इतके वाकले, इतके वाकले, की पुढच्या सगळ्यांचा कोटा त्यांनीच संपवला. आजोबा सांगायचे, सलाम ड्यूटीवर ठोकायचा, कागदावर ताठ उभं राहायचं." आणि खदखदून हसल्या. मी होळकरांच्या दफ्तरातल्या कारकुनाची नात. आमच्या घरात 'आज्ञाधारक' हा शब्द कौतुकाने वापरतात. मला ते बोलणं लागलं, आणि खरं सांगते, फार आवडलंही.

आता भांडायचं तर पेपर हवेत, आणि कॉलेजच्या लायब्ररीत वाचण्यासारखं म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. शहराबाहेर एका सरकारी संशोधन केंद्रात परदेशी जर्नलं यायची, पण गेटवर बंदूकवाला गार्ड आणि पासशिवाय प्रवेश नाही. मॅडम पहिल्यांदा गेल्या तेव्हा मी सोबत होते. मॅडम सरळ चालत गार्डपाशी गेल्या आणि खेकसल्या, "कॉलर का बटन?" तो बटन लावेपर्यंत आम्ही आत. पुढच्या खेपेपासून तो मॅडमना लांबूनच सॅल्यूट मारायचा आणि एक हात आपला कॉलरवर ठेवायचा.

ह्या पद्धतीने पोरं जायला लागली. सगळी नाही, पण लागली. एकाला कॅनडाहून बोलावणं आलं, तर त्याचे वडील देपालपूरहून थेट डिपार्टमेंटात हजर. धान्याचे आडते, पांढरं धोतर, कपाळाला टिळा. खुर्चीच्या टोकावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मैडम, ये लोग लड़के को पैसा देंगे? फीस भी माफ?"

"हो. देणार."

"और हमसे कुछ नहीं माँगते?"

"टिकट तेवढं तुमचं."

आडत्यांनी दाराकडे बघून घेतलं. "तो खोट क्या है?"

"कसली खोट?"

"सामने वाला खुद होके इतना दे रहा है, मैडम. रिश्ते में ऐसा हो तो हम पहले पूछताछ करवाते हैं. वहाँ अपना कोई है क्या, जो खानदान देख आए?"

मला वाटलं, आता ह्यांची धडगत नाही. पण मॅडम एकदम खूश! त्यांना चहा मागवला, पूछताछ कशी करतात ते सगळं विचारून घेतलं. शेजाऱ्याला विचारायचं, दूधवाल्याला विचारायचं, आणि आधीच्या सुनेला नक्की विचारायचं. त्या दिवसापासून डिपार्टमेंटात नवा नियम. प्रोफेसरने हो म्हटलं की लगेच उड्या मारायच्या नाहीत. त्याच्याकडच्या आधीच्या विद्यार्थ्याला लिहायचं, की बाबा रे, हा माणूस वेळेवर पैसे देतो का, डिग्री देतो का नुसता राबवून घेतो? ह्या पत्राला मॅडम 'आधीच्या सुनेचं पत्र' म्हणायच्या. त्या नियमाने एक पोरगी मोठ्या संकटातून वाचली. एका ठिकाणच्या सुनांनी एकमुखाने कळवलं होतं की पळ.

शिफारशीच्या पत्रावरून मॅडमची आणि आमचे हेड साठे सर यांची कायम जुंपायची. साठे सर माणूस वाईट नाही, पण शिफारस लिहायचे ती लग्नाच्या बायोडेटासारखी. मुलगा सुस्वभावी, निर्व्यसनी, प्रतिष्ठित घराण्यातला, थोरला भाऊ बँकेत. मॅडमनी वर्मासाठी लिहिलं: हा मुलगा काचेची भांडी फार फोडतो, पण फोडल्यावर कधी खोटं बोलत नाही. साठे सरांनी डोक्याला हात लावला. वर्माला ह्याच एका वाक्यावर जागा मिळाली. तिकडच्या प्रोफेसरने तसं कळवलं होतं.

इतक्या जणांना पाठवलं, पण मॅडमची स्वतःची पीएचडी नव्हती. सासरची माणसं, धाकट्या दिरांची शिक्षणं, ह्यात राहून गेली. आणि आता नवीन नियम आले होते, डॉक्टर नाही तर बढती नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं डॉक्टर होऊन त्यांच्या वर बसायला लागली. त्या कधी बोलून दाखवायच्या नाहीत. पण कुणी नवीन डॉक्टर पेढे घेऊन आला की पेढा घ्यायच्या आणि टेबलावर तसाच ठेवायच्या, हे मी बघितलंय.

म्हणून हॉलंडचं प्रकरण सुरू झालं तेव्हा मीच जास्त उड्या मारल्या. झालं असं, की तिकडच्या एका प्रोफेसरचा पेपर मॅडमच्या हाती लागला. रंगीत पाण्यातला रंग काढून टाकायची युक्ती त्याने शोधली होती. आता रंगीत पाणी म्हणजे मॅडमच्या घरचा विषय. जाधव काका मिलच्या मागच्या नाल्यातलं पाणी बाटलीत भरून आणायचे आणि मॅडम त्यावर प्रयोग करायच्या, स्वतःच्या हौसेने. त्यांनी हॉलंडला लिहिलं: तुम्ही स्वच्छ पाण्यात चिमूटभर रंग टाकलात आणि तोच परत काढलात, ह्यात काय मोठं? मिलच्या पाण्यात रंगाबरोबर खळ असते, साबण असतो, सोडा असतो, मीठ असतं. तुमची युक्ती आमच्या नाल्यावर मी करून पाहिली. चालत नाही.

उत्तर यायला बराच वेळ लागला. पण आलं ते असं: तुमचं बरोबर आहे, आणि मला लाज वाटते. ह्याच कामासाठी माझ्याकडे पगारी जागा आहे, तिकडे पीएचडी म्हणजे नोकरीच असते. तुम्ही खऱ्या मिलच्या पाण्यावर काम कराल का?

पन्नाशीला टेकलेल्या बाईला पीएचडीची जागा! मी लॅबमध्ये ओरडले. मॅडमनी मला "मुळे, आवाज!" म्हणून गप्प केलं, आणि स्वतः दिवसभर पिपेट उलटं धरत होत्या.

शिफारस अर्थातच साठे सरांची. हौसेने लिहिली त्यांनी. मिसेस जाधव ह्या गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ असून त्यांच्या जाण्यास पतीची हरकत नाही. हॉलंडवाला चक्रावला. त्याने मॅडमना विचारलं, पतीची हरकत म्हणजे काय? ते पण केमिस्ट आहेत का? जाधव काका पोहे खात होते. म्हणाले, "लिहून टाका मॅडम, रंगखात्यात आहेत."

आणि मग मिल बंद पडली.

त्या दिवसांत पेपर उघडला की एकच, देश खुला झाला, बाजार खुला झाला. आमच्याकडे मात्र एकेका मिलच्या गेटला कुलूप लागत होतं. जाधव काकांच्या मिललाही लागलं. सकाळी पाळीला गेलेली माणसं गेटवरची नोटीस वाचून परत आली. काका घरी बसले. आता घर चालणार ते मॅडमच्या एकट्या पगारावर. आणि मागचा नाला सुकला. ज्या पाण्यासाठी हॉलंड पगार देणार होता ते पाणीच राहिलं नाही.

सल्ला द्यायला सगळे तयार. साठे सर म्हणाले, "मिसेस जाधव, आधी तिकडे पोहोचा. मग सावकाश सांगा." सुट्टीवर आलेला वर्मा म्हणाला, "मॅडम, लॅबमध्येच बनवून घ्या ना. रंग, साबण, खळ, सोडा, मीठ. कोणाला पता चलणार?"

"मला चलणार," मॅडम म्हणाल्या. "ह्याच गोष्टीवरून मी त्याच्याशी भांडले ना रे गधड्या."

त्यानंतर त्या बोलायच्या थांबल्या. अख्खं डिपार्टमेंट घाबरलं. मॅडम ओरडत असल्या की कसं सगळं ठीकठाक वाटायचं. यादव प्यून मला येऊन म्हणाला, "दीदी, मैडम को कुछ फोड़ के दिखाऊँ क्या? चिल्लाएँगी तो अच्छा लगेगा." मलाही रडू येत होतं. बाईने इतक्यांना गाडीत चढवलं, आणि तिची वेळ आली तर रूळच उखडले, ह्याचा मला संताप संताप होत होता.

एका रविवारी मी त्यांच्या घरी बसले होते. काका मिलच्या मागच्या वस्तीत युनियनच्या मीटिंगला जाऊन आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "तिकडे चहाचा रंग झकास असतो बुवा. पत्ती कमी टाकली तरी चालते. हँडपंपाचं पाणीच लालसर."

मॅडम पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं. "ओ जाधव, काय म्हणालात?"

"पाणी लाल आहे म्हटलं."

"मिल तर बंद आहे."

"मिल बंद आहे. पाणी चालू आहे."

तव्यावरची पोळी करपली, कुणी बघितली नाही. आम्ही तिघं तसेच वस्तीत गेलो. हँडपंपावर बायका होत्या. त्यांनी पांढरी चादर दाखवली, गुलाबी झालेली. एक म्हातारी म्हणाली, "मिल चलती थी तब तो नाला लाल था मैडम. अब नीचे से आ रहा है." इतकी वर्षं जमिनीत मुरलेलं ते आता वर येत होतं. मॅडमनी पदर खोचला आणि बाटल्या मागितल्या. बाटल्या नव्हत्या. बायकांनी औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन दिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉलंडला लिहिलं, मला वाचून दाखवलं. मिल बंद झाली आहे. कबूल केलेलं पाणी मी आणू शकत नाही. जागा दुसऱ्याला द्यायची तर द्या. पण तुमचा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. मिलचं पाणी साफ कसं करायचं हे तुम्ही विचारता. मिल गेल्यावर ते पाणी कोण पितं, हे विचारायला हवं.

"पुन्हा भांडलात?" मी म्हटलं.

"मग काय पाया पडू?" त्या म्हणाल्या. पण पाकीट पेटीत टाकायला मात्र मला पाठवलं.

हॉलंडहून हो आलं. कमिटीला पटवायला वेळ लागला, असं त्याने लिहिलं होतं. या, आणि पाणी घेऊन या. मॅडमनी रजेचा अर्ज केला आणि कॉलेजच्या मॅनेजमेंटने तो फेटाळला. वय जास्त आहे म्हणे. जायचं तर राजीनामा द्या. घरात एकच पगार, तोही सोडायचा? मॅडम बडा गणपतीपर्यंत पायी जाऊन आल्या, देवळात न जाता. घरी येऊन म्हणाल्या, "राहू दे. लिहिते त्याला नाही म्हणून."

जाधव काकांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "मिल बंद करताना मला कुणी विचारलं नाही, मॅडम," ते म्हणाले. "तुम्हाला कुणीतरी विचारतंय. या म्हणतंय. आणि तुम्ही स्वतःच्या हाताने गेटला कुलूप लावताय? काही लाजबीज?" मग आवाज उतरला. "मी खिचडी खाईन. तुम्ही जा."

मॅडमनी राजीनामा दिला.

पुढे त्या डॉक्टर झाल्या, तिकडेच नोकरी लागली, काकाही गेले. काका टोपी घालून सायकलवर बसलेत असा एक फोटो मला आला होता. पण मी मॅडमना शेवटचं पाहिलं ते इंदूर स्टेशनवर, मुंबईच्या गाडीत चढताना.

साठे सर हार घेऊन आले होते, खिशात भाषणही असावं. तेवढ्यात वस्तीतल्या बायकांचा घोळका आला. प्रत्येकीच्या हातात बाटली. आमच्या गल्लीच्या हँडपंपाचं तर घेतलंच नाही, हमारे वाले का भी ले जाओ! मॅडम म्हणाल्या, आता जागा नाही, विमानात सामान तोलून घेतात. त्या ऐकेनात. ती म्हातारी पुढे आली आणि मॅडमचा हात धरून म्हणाली, "वहाँ जो साहब है ना, उसको बोलना, हम ये पीते हैं."

मॅडमचे डोळे भरले होते, मी पाहिलं. "बोलूँगी क्यों?" त्या म्हणाल्या. "गिलास में भर के सामने रख दूँगी."

आणि तिथेच, भर प्लॅटफॉर्मवर, त्यांनी सुटकेस उघडली. साड्या काढून काकांच्या हातावर टाकल्या. परकर निघाले तसे साठे सर रुळांकडे बघायला लागले. "तिथे कपडे मिळतात, जाधव. हे मिळत नाही." एकेक बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून आत बसवली, उरलेल्या दोन हातातच घेतल्या. मी रडत होते, कशाला लपवू? शिट्टी झाली. मॅडम दारात उभ्या राहिल्या आणि गाडी हलली.

"मॅडम, स्वेटर!" काका एकदम ओरडले. साड्यांच्या ढिगात स्वेटर निघाला होता. ते ढिगासकट धावले आणि स्वेटर दारात फेकला. तो नेमका मॅडमच्या तोंडावर बसला. दोन्ही हातांत बाटल्या, काढणार कसा? गाडी पुढे जात होती, आणि स्वेटरच्या आतून तोच मैदानावरचा आवाज येत होता, "ओ जाधव! सांडलं असतं ना!"